सेमिनरीच्या वर्षांत पाचारण जपावे कसे

जून महिन्यात सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, दाखल होणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या पेटीत बहुधा एक नवे कोरे पवित्र शास्त्र असते. मंडळीने (त्याच्या चर्चने) निरोपाच्या उपासनेत ते त्याच्या हाती दिलेले असते, पहिल्या पानावर पाळकसाहेबांच्या अक्षरात एखादे वचन असते आणि त्याखाली वडीलजनांच्या सह्या असतात. पुढच्या चार वर्षांत त्याच पुस्तकाच्या समासांत परीक्षेच्या खुणा, ग्रीक शब्दांचे अर्थ आणि प्राध्यापकांची मते दाटीवाटीने भरत जातात. त्यात गैर काहीच नाही, कारण तो शिकण्यासाठीच गेलेला असतो. परंतु ज्या वचनाने त्याला घरातून बाहेर काढले ते वचन या खुणांच्या गर्दीत त्याच्याशी बोलायचे थांबले, तर पदवी हाती येते आणि पाचारण, म्हणजे सेवेसाठी आलेली देवाची हाक, वसतिगृहाच्या खोलीतच मागे राहते. असे झालेले मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे आणि एक-दोन वर्षे स्वतःही त्यातून गेलो आहे. म्हणून सेमिनरीला निघालेल्या आणि तेथे शिकत असलेल्या तरुण-तरुणींसाठी, मला उपयोगी पडलेल्या आणि फार उशिरा उमगलेल्या काही गोष्टी येथे लिहीत आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूने बारा जणांना नेमल्याची हकिकत आहे. तेथे नेमणुकीचे हेतू क्रमाने सांगितले आहेत. त्यांनी त्याच्याबरोबर असावे, हा पहिला. त्यांना उपदेश करण्यासाठी पाठवावे, हा त्यानंतरचा. सेमिनरीचा अभ्यासक्रम मुख्यतः दुसऱ्या हेतूसाठी आखलेला असतो. चॅपेलची उपासना आणि अधूनमधून होणारी मौन शिबिरे पहिल्या हेतूला हातभार लावतात, पण त्याचा खरा भार विद्यार्थ्यालाच उचलावा लागतो. तो कसा उचलावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

निघण्यापूर्वी कागदावर उतरवा

प्रवेशअर्जात पाचारणाबद्दल एक-दोन परिच्छेद लिहावे लागतात आणि मुलाखतीतही तो प्रश्न येतोच. ती उत्तरे समितीसाठी लिहिलेली असतात. तुम्ही निघण्यापूर्वी एक वेगळा कागद घ्या आणि कोणालाही प्रभावित करण्याचा विचार मनात न आणता पाचारणाची हकिकत लिहा. कोणत्या वर्षी, कोणत्या ठिकाणी, कोणाच्या तोंडून किंवा कोणत्या वचनातून तुम्हाला हाक आल्यासारखे वाटले. तुम्ही ती किती काळ टाळली. घरात कोण रडले आणि कोण रागावले. हे सगळे त्यात येऊ द्या. आणि ज्या हेतूंची लाज वाटते तेही लिहा. नोकरी मिळत नव्हती, वडील पाळक असल्यामुळे लोकांनी गृहीतच धरले होते, गावात मान मिळेल असे वाटले, शहरात राहायला मिळेल असे वाटले. यांपैकी काहीतरी बहुतेकांच्या मनात असते. हेतू मिश्र आहेत म्हणून पाचारण खोटे ठरत नाही. मात्र न लिहिलेला हेतू तिसऱ्या वर्षी अचानक समोर उभा राहतो आणि तेव्हा तो जास्त त्रास देतो.

हा कागद मंडळीतील एका वयस्कर, प्रार्थनाशील माणसाला वाचून दाखवा. शमुवेलाला देवाची हाक ऐकू आली तेव्हा ती देवाची आहे हे त्याला कळले नव्हते. तो तीनदा उठून वृद्ध याजक एलीकडे धावला आणि तिसऱ्या खेपेस एलीच्या ध्यानात आले की मुलाला परमेश्वर बोलावत आहे. एलीच्या स्वतःच्या घरची स्थिती चांगली नव्हती आणि त्याची दृष्टीही मंदावली होती, तरीही शमुवेलाला त्याची गरज पडली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातही हेच दिसते. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला, म्हणजे पुढच्या प्रेषित पौलाला, झालेले दर्शन त्याचे एकट्याचे होते, पण त्याला सेवेसाठी वेगळे करून पाठवले ते अंत्युखियातील मंडळीने, उपवास आणि प्रार्थना करून, आणि तेही बऱ्याच वर्षांनी. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्वतः सांगतो की दर्शनानंतर तो अरबस्तानात गेला, दिमिष्कास परतला आणि तीन वर्षांनी यरुशलेमास गेला. आतून आलेली हाक आणि मंडळीने दिलेली मान्यता यांमध्ये असा मोठा काळ जाऊ शकतो. सेमिनरीची वर्षे त्या मधल्या काळातली आहेत, हे ध्यानात असले म्हणजे सगळे आजच स्पष्ट व्हावे अशी घाई राहत नाही.

दर जूनमध्ये तो कागद पुन्हा वाचा आणि खाली त्या वर्षाची तारीख घालून चार ओळी लिहा. मूळ मजकुरात खाडाखोड करू नका.

प्रार्थना मराठीतच राहू द्या

या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण मराठी विद्यार्थ्याचे नुकसान होते ते बहुधा येथेच, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

बी.डी.चे (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी या पदवीचे) शिक्षण बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून होते. त्याला कारण आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली; म्हणजे ती पहिल्यापासून महाराष्ट्राच्याच भूमीवर आहे, परंतु तेथे ईशान्य भारतातील, केरळातील, आंध्रातील विद्यार्थी एका बाकावर बसतात आणि त्यांना जोडणारी भाषा इंग्रजीच असते. ग्रंथालयातील पुस्तकेही बहुतांशी इंग्रजी. पहिल्या सहा महिन्यांत मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची सगळी शक्ती भाषा पकडण्यात जाते. मग हळूहळू तो इंग्रजीत विचार करू लागतो, इंग्रजीत प्रार्थना करू लागतो आणि त्याला त्याचा अभिमानही वाटतो.

मी पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत घरी गेलो होतो. शेजारच्या आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. आई म्हणाली, "चल, त्यांच्यासाठी प्रार्थना कर, तू आता शिकतोस ना." मी खाटेजवळ उभा राहून डोळे मिटले आणि मला शब्दच सुचेनात. जे सुचले ते इंग्रजीतून येऊन अर्धवट मराठी झालेले होते. 'तुझ्या सार्वभौमत्वात', 'तुझ्या कृपेच्या अर्थव्यवस्थेत' असे काहीतरी मी बोलत गेलो. मी आमेन म्हटले तेव्हा आजींनी शांतपणे स्वतः प्रार्थना सुरू केली, "बाबा, तू आहेस ना, मग मला भीती नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. एका वर्षात मी देवाविषयी पुष्कळ शिकलो होतो आणि देवाशी बोलण्याची माझी भाषा मात्र माझ्या हातून निसटत चालली होती.

त्यानंतर मी एक नियम केला आणि तो तुम्हालाही सांगतो. वर्गात कोणत्याही भाषेत शिका, पण एकांतातील प्रार्थना आईच्या भाषेतच करा. तिच्यात व्याकरण सुटले तरी चालेल, बोलीतले शब्द आले तर उत्तमच. संध्याकाळी पंधरा मिनिटे राखून ठेवा. त्या दिवशी वर्गात जी एक कल्पना समजली, ती घरच्या एका विशिष्ट माणसाला सांगायची आहे असे मानून मराठीत पाच वाक्ये लिहा. माणूस नेमका डोळ्यांसमोर असावा: आजी, एस.टी. चालवणारा मामा, शब्बाथ शाळेतील दहा वर्षांची मुलगी. 'इन्कार्नेशन'साठी 'देहधारण' हा शब्द आपल्याकडे तयार आहे, पण तेवढ्याने काम भागत नाही; देवाने देह धारण केला म्हणजे त्याला भूक लागली, तो दमला, तो रडला, हे मामाला कळेल अशा शब्दांत तुम्हाला सांगता येते का, हे पाहायचे असते. 'जस्टिफिकेशन'साठी 'नीतिमान ठरवणे' असे आपण म्हणतो. ते वाक्य आजीला सांगताना कोर्टाचे उदाहरण चालेल की कर्जमाफीचे, याचा विचार करावा लागतो, आणि तो विचार करतानाच ती शिकवण तुमच्या स्वतःच्या अंतःकरणात उतरते. वर्षभरात अशी दोनशे-अडीचशे पाने जमतात. माझ्या पुढच्या वीस वर्षांच्या उपदेशांचे बी याच वह्यांत होते.

हे काम आपल्याआधी ज्यांनी केले त्यांची आठवण ठेवावी. आज पदव्या देणाऱ्या बंगालमधील ज्या सेरामपूरशी अनेक सेमिनरी संलग्न आहेत, तेथील मिशनरी विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी भाषांतराचे काम केले आणि १८११ मध्ये तेथील छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. सेरामपूर कॉलेजची स्थापना त्यानंतर, १८१८ मध्ये झाली. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि ज्यांना संस्कृतप्रचुर मराठी समजत नव्हती अशा साध्या बायकांना वाचता यावे हा त्यांचा आग्रह होता. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या बाईने असा आग्रह धरावा, ही गोष्ट मला आजही थांबायला लावते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवले, आणि अभंग-भजनाच्या वळणावर त्यांनी रचलेली गीते आपण आजही रविवारी 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडून म्हणतो. विद्वत्ता आणि भक्ती यांची गाठ या माणसांनी मराठीतच बांधली.

म्हणून वसतिगृहात निदान आठवड्यातून एकदा मराठी विद्यार्थ्यांनी एकत्र बसून मराठी गीते म्हणावीत आणि मराठीत प्रार्थना करावी. आपल्या मंडळीतील भजनाचा ठेका चॅपेलमध्ये ऐकू येत नसेल, तर तो खोलीत चालू ठेवावा. इतर प्रांतांतील मित्रांना वगळून वेगळा गट करण्यासाठी हे सांगत नाही. त्यांनाही बोलवा, त्यांची गीतेही शिका.

एकच पुस्तक, दोन प्रकारचे वाचन

अभ्यासासाठी वाचलेला उतारा हेच त्या दिवसाचे मनन, असे समजण्याचा मोह प्रत्येकाला होतो. 'सकाळी रोमकरांस पत्रावर असाइनमेंट लिहिली, आणखी वेगळे काय वाचायचे?' हा प्रश्न मीही स्वतःला विचारला होता. परंतु असाइनमेंटसाठी वाचताना आपण उताऱ्याला प्रश्न विचारतो, आणि मनन करताना उतारा आपल्याला प्रश्न विचारतो. दोन्हींची गरज आहे आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

शक्य असल्यास दोन प्रती ठेवा. अभ्यासाच्या प्रतीत हव्या तितक्या खुणा करा. मननाची प्रत मराठी असावी आणि तिच्यात पेन लावू नये. मननासाठी स्तोत्रसंहितेपासून सुरुवात करणे सर्वांत सोपे जाते. एकंदर १५० स्तोत्रे आहेत. रोज पाच वाचली तर तीस दिवसांत ती पूर्ण होतात. महिन्याभरात सगळी स्तोत्रे म्हणण्याची चाल अँग्लिकन परंपरेत जुनी आहे. चोविसाव्या दिवशी ११९ वे स्तोत्र येते, त्याचीच १७६ वचने आहेत, तेव्हा त्या दिवशी अर्धा तास लवकर उठावे लागेल. अठराव्या दिवशी ८८ वे स्तोत्र येते. ते अंधारातच संपते, शेवटी आशेचा एकही शब्द नाही, आणि पाळक होऊ पाहणाऱ्या माणसाने असे स्तोत्र महिन्यातून एकदा तोंडाने म्हणावे हे मला फार आवश्यक वाटते. आज तुमचे मन प्रसन्न असेल, पण त्याच दिवशी हे स्तोत्र ज्यांचे आहे अशी माणसे तुमच्या भावी मंडळीत असतील.

वाचताना एका वचनावर मन अडले तर तेथेच थांबा. ते दोन-तीनदा हलक्या आवाजात म्हणा आणि त्याच वचनाचे शब्द घेऊन प्रार्थना करा. बाकीची स्तोत्रे राहिली तरी हरकत नाही. त्या वेळी उपदेशाचे मुद्दे सुचू लागतात आणि हात वहीकडे जातो; तो हात मागे घ्या. जे तुमच्यासाठी आले आहे ते लगेच दुसऱ्यांना वाटून टाकण्याची सवय सेवकाला हळूहळू उपाशी ठेवते.

शंका येतील, त्यांना जागा द्या

पंचग्रंथातील (मोशेची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या पाच पुस्तकांतील) वेगवेगळे लेखनप्रवाह, यशयाच्या चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग बाबेलच्या बंदिवासाच्या काळातील असल्याचे बहुसंख्य अभ्यासकांचे मत, पहिल्या तीन शुभवर्तमानांतील साम्य आणि फरक, असे विषय पहिल्या-दुसऱ्या वर्षी समोर येतात. घरी जे एकसंध वाटत होते ते येथे तुकड्यांत मांडले जाते. काही जण प्राध्यापकांना अविश्वासी ठरवून कान बंद करतात. काही जण उलट टोकाला जाऊन गावातल्या साध्या विश्वासाला हसू लागतात. दोन्ही वाटांवर मी मित्र गमावले आहेत.

शंका आली की ती नेमक्या शब्दांत लिहून काढा. 'माझा विश्वास डळमळला' असे लिहिल्याने हाती काही लागत नाही. 'मोशेने हे स्वतः लिहिले नसेल तर त्यातून देव बोलतो असे मी का म्हणावे?' असे लिहिले की पुढचा विचार करता येतो. मग तो प्रश्न घेऊन प्राध्यापकांकडे एकट्याने जा. वर्गात युक्तिवाद होतात, खोलीत माणूस बोलतो. मला एका वयस्कर गुरुजनांनी अशा भेटीत सांगितले होते की हाच प्रश्न त्यांनाही विद्यार्थी असताना छळत होता, आणि ते त्यातून कसे बाहेर आले हेही सांगितले. ते उत्तर मला संपूर्ण पटले नाही, पण त्यांना मी दर सकाळी चॅपेलमध्ये गुडघे टेकलेले पाहत होतो, आणि त्याने मला धरून ठेवले.

अनुत्तरित प्रश्न असताना उपासना सोडू नका. प्रभुभोजनाला जात राहा. आणि दुसऱ्या बाजूने, ज्या प्रश्नाशी तुम्ही अजून झुंजत आहात तो रविवारी फील्डवर्कच्या (प्रत्यक्ष सेवेच्या सरावासाठी नेमून दिलेल्या) मंडळीपुढे ओतू नका, कारण तुमच्याकडे ग्रंथालय आहे, मित्र आहेत, दोन वर्षे आहेत; समोर बसलेल्या विधवेकडे तो एक तासच आहे. तिच्यापुढे तुम्हाला जे खरे ठाऊक आहे तेवढेच बोला. ते थोडे असेल तर उपदेश लहान करा.

फील्डवर्क हे दुसरे विद्यालय आहे

बहुतेक सेमिनरींत शनिवार-रविवारी विद्यार्थ्याला एखाद्या मंडळीत, रुग्णालयात किंवा वस्तीत काम दिले जाते. अहवाल भरण्यापुरते ते उरकण्याची वृत्ती फार पसरलेली आहे आणि तिचे मला वाईट वाटते, कारण पाचारणाची खरी पारख होते ती येथे. माणसांजवळ बसायला आवडते का, त्यांची तीच तीच कहाणी तिसऱ्यांदा ऐकण्याचा धीर आहे का, कोणी आभार मानले नाहीत तरी पुढच्या आठवड्यात जावेसे वाटते का, हे परीक्षेच्या गुणांवरून समजत नाही.

नव्या मंडळीत गेलात की पहिले दोन महिने उपदेश मागू नका. घरे पाहा. चहा घ्या, पायऱ्यांवर बसा, मुलांची नावे पाठ करा. मंडळीत सर्वांत जास्त वर्षे प्रार्थना करत आलेली म्हातारी कोण आहे ते विचारा आणि तिच्याकडून प्रार्थना करायला शिका. रुग्णालयात गेलात तर आधी बसा, मग विचारा, आणि रोग्याची इच्छा असेल तरच प्रार्थना करा, तीही लहान. परतल्यावर त्याच रात्री वहीत लिहा: आज मी कोणाला भेटलो, कोठे मी ऐकण्याऐवजी बोललो, कोठे मला पळून जावेसे वाटले. पळून जावेसे वाटलेल्या जागा नीट लक्षात ठेवा, कारण मार्गदर्शकाशी बोलण्याचा विषय तोच असतो.

वसतिगृह आणि मेस याबद्दल थोडेच सांगतो. सहखोलीदाराशी दोन दिवस अबोला असताना तिसऱ्या दिवशी चॅपेलमध्ये समेटावर संदेश देता येत नाही. आधी माफी मागून या.

बरोबर चालणारे कोणी असावे

एक वयाने मोठा मार्गदर्शक आणि एक-दोन समवयस्क मित्र, इतके तरी असायलाच हवेत. मार्गदर्शक शक्यतो असा निवडा की जो तुम्हाला गुण देणार नाही आणि ज्याच्या शिफारशीवर तुमची नेमणूक अवलंबून नाही. नाहीतर तुम्ही त्याला बरे वाटेल तेच सांगाल. महिन्यातून एकदा तासभर भेटा. मित्रांबरोबर आठवड्यातून एकदा बसून एकमेकांना विचारा: या आठवड्यात प्रार्थना केली का, पैशांच्या बाबतीत प्रामाणिक राहिलास का, मोबाईलवर काय पाहिलेस, घरी फोन केलास का. हे प्रश्न अवघडल्यासारखे वाटतात, पण पुढे पाळक झाल्यावर ते विचारणारे कोणी उरत नाही. त्या वेळी सेमिनरीतला हाच मित्र तुम्हाला फोन करून विचारील.

मुलींना एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, जी १९७० मध्ये नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन स्थापन झाली, स्त्रियांना पाळकीय दीक्षा मिळू शकते. तरीही अनेक मंडळ्या सेमिनरीत शिकणाऱ्या मुलीकडे भावी पाळकीणबाई म्हणून पाहतात, म्हणजे तिचे पाचारण तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या पाचारणात जमा करून टाकतात. हा अन्याय आहे. अशा वेळी आपला तो पहिला कागद जवळ ठेवा, तुमच्या पाचारणाला साक्ष देतील अशी दोन-तीन माणसे मंडळीत शोधा, आणि डायोसिसकडे (बिशपच्या अधिकाराखालील धर्मप्रांताकडे) अर्ज करताना आपला अर्ज स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या शब्दांत करा. पुरुष विद्यार्थ्यांनीही येथे गप्प बसू नये.

आणि चालता चालता असे दिसले की पाळकीय दीक्षेचा मार्ग तुमचा नाही, तर ते मार्गदर्शकाजवळ मोकळेपणाने बोला. शिक्षक, समुपदेशक, परिचारक, भाषांतरकार म्हणून देवाची सेवा करणारे सेमिनरीचे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापैकी काहींचे आयुष्य अनेक पाळकांपेक्षा फलद्रूप झाले. केवळ मंडळीला काय वाटेल या भीतीने दीक्षा घेणे, हे मंडळीवरही अन्याय करणारे आहे. मात्र कंटाळ्याच्या किंवा नापास झाल्याच्या आठवड्यात असा निर्णय घेऊ नका. निदान एक सत्र जाऊ द्या.

शरीर, झोप, पैसा

संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला पहिल्यांदा भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला घातले. देवाचा तो मंद, शांत आवाज त्याला होरेब डोंगरावर ऐकू आला तो या सगळ्यानंतर. आत्मिक कोरडेपणा वाटू लागला तर आधी पाहा की गेल्या आठवड्यात किती झोप झाली. परीक्षेच्या काळात उपवास धरू नका. रविवारी फील्डवर्क असते, त्यामुळे आठवड्यातला दुसरा एखादा अर्धा दिवस पुस्तकांना हात न लावता घालवा. उधारी टाळा, आणि मंडळीने किंवा डायोसिसने दिलेल्या पैशांचा हिशेब लिहून ठेवा, कोणी मागितला नाही तरी.

शेवटचे सत्र

शेवटच्या वर्षी प्रबंध, परीक्षा आणि नेमणुकीची चिंता यांत पहिल्या वर्षी लावलेली शिस्त सुटू लागते. बाकी काही कमी करावे लागले तर करा, पण स्तोत्रे आणि संध्याकाळची मराठी पाने चालू ठेवा. नेमणूक कोठे होईल याबद्दल अफवा उठतात. मोठ्या शहरातील मंडळी आणि दूरच्या तालुक्यातील मंडळी यांची तुलना वसतिगृहात रात्र रात्र चालते. त्या चर्चेत बसू नका. डायोसिसच्या पद्धतीप्रमाणे पदवीनंतरही काही काळ उमेदवारी असते, मग डीकनची (सहायक सेवकाची) आणि त्यानंतर प्रेसबिटरची (पूर्ण पाळकाची) दीक्षा होते. म्हणजे ऐकण्याचा आणि पारखण्याचा काळ अजून चालूच असतो, आणि तो तसा असणे चांगले आहे.

निघण्याच्या आठवड्यात एक दिवस मोकळा ठेवा. पहिला कागद आणि त्याखालच्या प्रत्येक वर्षाच्या ओळी शांतपणे वाचा. ज्या प्राध्यापकांनी तुम्हाला प्रश्न विचारू दिले त्यांना भेटून आभार माना, मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशींनाही. ज्यांच्याशी काही बिनसले असेल त्यांच्याशी बोला. मग घरी जा, आणि पहिल्या रविवारी व्यासपीठावर बसण्याचा आग्रह झाला तरी नम्रपणे नकार देऊन आपल्या मंडळीत मागच्या रांगेत, जेथे लहानपणी आईजवळ बसत होता तेथे, उपासनेला बसा. उपासना संपल्यावर, ज्यांनी निरोपाच्या दिवशी तुमच्या पवित्र शास्त्रावर सह्या केल्या होत्या त्यांच्यापैकी जे आजारी आहेत त्यांच्या घरी त्याच दुपारी जाऊन या.